रुंगे–लेंझ सदिशाची कुळकथा
हायड्रोजनच्या अणूचे गणित पुंजयामिकीत प्रथम ज्या राशीच्या आधारे सुटले, तिला रुंगे–लेंझ सदिश म्हणतात. सदिश म्हणजे परिमाणासोबत दिशाही असलेली राशी. हे नाव खऱ्या जनकांवर अन्याय करणारे आहे. कार्ल रुंगे यांनी १९१९ मध्ये पाठ्यपुस्तकात ती उदाहरणादाखल मांडली, विल्हेल्म लेंझ यांनी १९२४ मध्ये त्याच पुस्तकाचा हवाला देऊन ती अणूला लावली, आणि दोघांपैकी कोणीही तिच्या शोधावर हक्क सांगितला नव्हता.

तिचे मूळ १७१० पर्यंत मागे जाते. पदुआ येथे शिकवणारे बाझेलचे गणिती याकोब हेर्मान यांना, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटणाऱ्या आकर्षणाखाली फिरणाऱ्या पिंडाची कक्षा शोधताना, संपूर्ण प्रदक्षिणेत न बदलणारी एक राशी सापडली, आणि योहान बर्नुली यांनी त्याच वर्षी तिला दिशेची जोड दिली. पुढे लाप्लास यांनी १७९९ मध्ये व हॅमिल्टन यांनी १८४५ मध्ये ती आपापल्या परीने मांडली. सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाच्या बाबतीत हा सदिश सूर्यापासून कक्षेच्या सर्वांत जवळच्या बिंदूकडे रोखलेला असतो. तो स्थिर आहे, म्हणूनच विवृत्ताचा दीर्घ अक्ष जागचा हलत नाही.

लेंझ ज्या हॅम्बुर्गमध्ये प्राध्यापक होते तेथेच काम करणाऱ्या वोल्फगांग पाउली यांनी जानेवारी १९२६ मध्ये, श्रोडिंगर यांचे समीकरण प्रसिद्ध होण्यापूर्वी, हा सदिश हायझेनबर्ग यांच्या नव्या यामिकीत आणला आणि केवळ बीजगणिताने हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या काढल्या. इलेक्ट्रॉनाचे स्वतःचे परिवलन बाजूला ठेवले, तर या पातळ्यांत अनुक्रमे १, ४, ९ अवस्था समान ऊर्जेच्या असतात. केंद्रकाचे व्यस्त वर्गाचे आकर्षण सर्व दिशांना सारखे असते, या गोलीय सममितीवरून दुसऱ्या पातळीतील चारांपैकी ‘पी’ नावाच्या तीन अवस्थांची ऊर्जा सारखी का, हे कळते. परंतु ‘एस’ नावाची चौथी अवस्थाही त्याच ऊर्जेची का, हे कळत नाही. या समानतेला ‘योगायोग’ म्हणण्याचा प्रघात पडला, आणि तो दिशाभूल करणारा होता.

लेनिनग्राडच्या व्लादिमिर फॉक यांनी १९३५ मध्ये दाखवले की, इलेक्ट्रॉनाच्या संवेगांचे अवकाश चार मितींतील गोलाच्या पृष्ठावर प्रक्षेपित केले असता हायड्रोजनचा प्रश्न त्या गोलाइतकाच सममित ठरतो, आणि ‘एस’ व ‘पी’ अवस्था चार मितींतील भ्रमणाने एकमेकींत मिसळतात. तीन मितींत भ्रमणाचे ३ स्वतंत्र प्रकार असतात, चार मितींत ६. कोनीय संवेगाचे ३ घटक आणि या सदिशाचे ३ घटक मिळून हे ६ प्रकार घडवतात, हे व्हालेंटिन बार्गमान यांनी १९३६ मध्ये स्पष्ट केले. सोडियममध्ये आतील १० इलेक्ट्रॉन केंद्रकाला झाकत असल्याने बाहेरच्या इलेक्ट्रॉनावरील आकर्षण व्यस्त वर्गाचे राहत नाही, त्यामुळे तिसऱ्या पातळीतील ‘एस’ व ‘पी’ अवस्थांच्या ऊर्जा वेगळ्या होतात, आणि ‘पी’मधून ‘एस’मध्ये उतरणारा इलेक्ट्रॉन सुमारे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश देतो.