पोटावरची वाट आणि ताटातली भाकरी

मंडळी, आज शस्त्रक्रियेचा इतिहास बघायचा आहे, पण ताटाच्या बाजूनं. ऑस्टॉमी म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढणं. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. ऑपरेशननंतर सावरलेला माणूस विचारतो, "डॉक्टर, भाकरी कधी खाऊ?" या प्रश्नालाही इतिहास आहे.

१७७६ साली फ्रान्समधल्या रुआँ शहरात पिलोर या सर्जननं एका रुग्णाच्या मोठ्या आतड्याला अशी वाट काढून दिली. वाट नीट चालली, पण आधी औषध म्हणून पाजलेला पारा आत अडकला होता. रुग्ण २८ दिवसांनी गेला. १७९३ मध्ये ब्रेस्टला ड्युरेनं गुदद्वार नसलेल्या नवजात बाळावर ऑपरेशन केलं. ते बाळ ४५ वर्षं जगलं. किती जेवणं झाली असतील, विचार करा!

लहान आतड्याच्या स्टोमाची, म्हणजे इलिऑस्टॉमीची, गोष्ट अवघड होती. तिथून पातळ, पाचकरसानं भरलेला मल येतो आणि कातडी अक्षरशः सोलून काढतो. पिशवी गळायची. जेवलं की गळणार, गळलं की भाजणार. मग माणूस जेवायलाच घाबरतो.

१९५२ साली बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी साधा उपाय मांडला. शर्टाची बाही उलटून दुमडतो ना, तसं आतड्याचं टोक उलटवून शिवायचं. छोटी तोटी तयार झाली आणि मल कातडीऐवजी पिशवीत पडू लागला. अमेरिकेत क्लीव्हलंडला टर्नबुल यांनी कातडीच्या रक्षणासाठी कराया डिंक वापरला. हा डिंक आपल्याकडच्या जंगलातल्या कांडोळ झाडाचा, बरं का! त्यांनी १९५८ मध्ये आपल्याच रुग्ण नॉर्मा गिल यांना कामावर घेतलं. स्वतः स्टोमा असलेली बाई इतरांना शिकवू लागली.

पिशवी टिकली, तेव्हा खाण्याचा विचार मोकळेपणानं करता आला. आज सांगतात ते असं. सुरुवातीचे काही आठवडे आतड्याला सूज असते, म्हणून मऊ भात, कमी चोथ्याचं अन्न. मग एका वेळी एकच नवा पदार्थ, थोडासा, खूप चावून. त्रास झाला तर कशानं झाला ते कळतं. तो पदार्थ सोडायचा, काही आठवड्यांनी पुन्हा बघायचा. इलिऑस्टॉमीत मक्याचे दाणे, ओलं खोबरं, शेंगदाणे, मशरूम जपून. पोटाच्या भिंतीतून आतडं बाहेर येतं तिथे वाट अरुंद असते, चोथा अडकू शकतो. मीठ-पाणीही जास्त जातं, ते भरून काढावं लागतं. मोठ्या आतड्याच्या स्टोमाला बंधनं बरीच कमी.

आणि कळ येऊन स्टोमा बंद पडला, उलट्या सुरू झाल्या, तर घरी वाट बघू नका, दवाखाना गाठा.

आपल्याकडे पुष्कळ घरांत मात्र अजून वर्षानुवर्षं वरण-भातच वाढला जातो, काळजीपोटी. ब्रुक यांची ती घडी माणसाला जेवणाच्या पंगतीत परत बसवण्यासाठीही होती, असं मला वाटतं. तेव्हा भाकरी मिळते, फक्त सावकाश. आता तुमचे प्रश्न घेऊ.