नोराची ‘मूळ व्यक्ती’ : इब्सेन, लॉरा कीलर आणि लेखकाचे ऋण

एखाद्या नाट्यकृतीतील पात्राची ‘मूळ व्यक्ती’ शोधण्याचा उद्योग आपल्या समीक्षेत फारसा प्रतिष्ठित मानला जात नाही, आणि त्याला सबळ कारणे आहेत. कलाकृती स्वायत्त असते. वास्तवातील कच्च्या द्रव्याचे तिच्यात रूपांतर होते. त्या द्रव्याकडे पुन्हा बोट दाखवणे म्हणजे रूपांतराची प्रक्रियाच नाकारणे, ही भूमिका रूपवादी समीक्षेने आपल्या अंगवळणी पाडली. पुढे लेखकाच्या मृत्यूची घोषणा झाली तेव्हा तर चरित्राकडे पाहणेच मागासलेपणाचे ठरले. तथापि ज्या ‘कच्च्या द्रव्या’विषयी आपण इतक्या निर्विकारपणे बोलतो ते द्रव्य जर स्वतः लिहिणारी एक स्त्री असेल, तर हा प्रश्न एवढ्या सहजासहजी निकालात काढता येतो का? हेन्रिक इब्सेन आणि लॉरा कीलर यांच्या संबंधाचा इतिहास तपासताना मला ही शंका वारंवार येत राहिली.

इब्सेनच्या आयुष्यातील स्त्रियांची यादी चरित्रकारांनी पुष्कळदा दिली आहे. ग्रिमस्टाडच्या औषधालयात उमेदवारी करत असताना तेथील मोलकरीण एल्स सोफी हिच्यापासून त्याला १८४६ साली मुलगा झाला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि ती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. पोटगीची रक्कम तो पुढे चौदा वर्षे भरत राहिला. त्यापलीकडे त्या मायलेकांशी त्याचा संबंध राहिल्याचे दिसत नाही. १८५८ साली त्याने सुझाना थोरेसेनशी विवाह केला. सुझानाची सावत्र आई माग्डालेन थोरेसेन ही स्वतः लेखिका होती आणि बर्गेनच्या वाङ्मयीन वर्तुळात तिला मान होता. सुझाना वाचणारी, ठाम मतांची, नवऱ्याला लिहायला बसवणारी बाई. आयुष्याच्या उत्तरार्धात, १८८९ साली, गोसेनसास येथे भेटलेली अठरा वर्षांची एमिली बार्डाख आणि त्यानंतर पियानोवादक हिल्डुर आंदेरसेन यांच्याविषयी तर चरित्रकारांची लेखणी थोडी अधिकच खुलते. वृद्ध कलावंत आणि तरुण मुलगी हा विषय चरित्रकारांना नेहमीच आवडत आला आहे. या सर्व स्त्रियांचे ‘योगदान’ मोजण्याची प्रचलित पद्धत एकच : अमुक स्त्री म्हणजे अमुक नाटकातील अमुक पात्र. सुझाना कोठे येते, एमिली कोठे येते, असे हिशेब मांडले जातात आणि हिशेब जुळला की ती स्त्री बाद होते.

लॉराचा हिशेब मात्र असा जुळत नाही, कारण व्यवहाराची सुरुवात तिने केली होती. इब्सेनचे ‘ब्रांड’ हे नाट्यकाव्य १८६६ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी वीस वर्षांच्या लॉरा पीटरसनने (कीलर हे तिचे विवाहानंतरचे आडनाव) ‘ब्रांडच्या मुली’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक लिहिले. इब्सेनच्या कृतीला एका तरुण मुलीने दिलेले ते उत्तर होते. आजच्या परिभाषेत याला आंतरसंहितात्मक लेखन म्हणता येईल. त्या काळी ते धाडस होते, आणि इब्सेनला त्याचे कौतुकही वाटले. दोघांचा परिचय झाला, ती त्याच्या कुटुंबात येऊ-जाऊ लागली, तो तिला लाडाने चंडोल म्हणू लागला. १८७० सालच्या एका पत्रात त्याने तिला लेखनाविषयी उपदेश केला. बुद्धी आणि प्रतिभा एवढ्यावर भागत नाही, ज्यातून निर्माण करायचे असे काही जगून झालेले लेखकापाशी असावे लागते, अशा आशयाचा तो उपदेश आहे. सल्ला उत्तमच आहे. मात्र नऊ वर्षांनी त्या सल्ल्याचा उपयोग कोणी केला, आणि जगून झालेले ते आयुष्य कोणाचे होते, हे ठाऊक असणाऱ्याला तो सरळपणे वाचता येत नाही.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात असा. लॉराने व्हिक्टर कीलर या डॅनिश शिक्षकाशी विवाह केला. त्याला क्षय झाला. उष्ण हवेच्या देशात नेले नाही तर तो जगणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पैशाचा विषय निघाला की नवरा बिथरत असे. म्हणून लॉराने त्याला न सांगता कर्ज काढले आणि त्याला इटलीला नेले. तो बरा झाला. कर्ज उरले. ते फेडण्यासाठी तिने घाईघाईने एक कादंबरी लिहिली आणि १८७८ साली हस्तलिखित इब्सेनकडे पाठवले. त्याने प्रकाशकाकडे शिफारस करावी, एवढीच तिची विनंती होती. इब्सेनने नकार दिला. लेखन कच्चे आहे, हे त्याचे मत बहुधा बरोबरच असावे. परंतु त्याने पुढे जे लिहिले ते महत्त्वाचे आहे : नवरा हयात असताना पत्नीने असे रक्त आटवण्याची गरजच काय, तू काहीतरी लपवते आहेस, सारे काही नवऱ्याच्या हाती सोपव. हे पत्र कोणा हेल्मरने लिहिले असते तर आपल्याला मुळीच आश्चर्य वाटले नसते. ते ‘अ डॉल्स हाउस’च्या कर्त्याने लिहिले, आणि तेही त्या नाटकाच्या आदल्या वर्षी.

लॉराने हस्तलिखित जाळले आणि खोट्या दस्तऐवजाचा आधार घेऊन पैसे उभे करण्याचा प्रयत्न केला. ते उघडकीला आले. ज्याचा जीव वाचवण्यासाठी हे सारे झाले त्या नवऱ्याने तिला गुन्हेगार ठरवले, मुले तिच्यापासून काढून घेतली आणि तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. सुमारे महिन्याने ती बाहेर आली. मुलांसाठी तिने नवऱ्याची विनवणी केली आणि त्याने नाखुशीने तिला घरात घेतले.

ही हकीकत इब्सेनच्या कानावर आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने आधुनिक शोकात्मिकेसाठी म्हणून काही टिपणे केली. पुरुषांची एक नीती आणि स्त्रियांची एक, पण स्त्रीचा न्याय मात्र पुरुषी कायद्याने होतो, हे त्या टिपणांचे सूत्र आहे. १८७९च्या आरंभी रोममधील स्कँडिनेव्हियन मंडळात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून त्याने ठराव मांडला आणि तो एका मताने पडला तेव्हा तो विलक्षण संतापला. त्या उन्हाळ्यात अमाल्फी येथे नाटक लिहून झाले. डिसेंबरात ते प्रसिद्ध झाले आणि त्याच महिन्यात कोपनहेगनला बेटी हेनिंग्स हिने नोरा उभी केली. मार्चमधला उपदेशक आणि ऑक्टोबरातला टिपणकार यांच्यामध्ये लॉराचा उद्ध्वस्त संसार आहे. इब्सेनची दृष्टी बदलली ती तिच्यामुळे, असे विधान करण्याइतका पुरावा येथे निश्चितच आहे, असे मला वाटते.

आता संहितेकडे वळू. नवऱ्याचे आजारपण, इटली, गुप्त कर्ज, खोटी सही, ‘चंडोल’ हे लाडाचे संबोधन हे सारे लॉराच्या आयुष्यातून नाटकात जसेच्या तसे आले आहे. टीकाकार ही साम्ये मोजतात आणि थांबतात. मला त्यातील एक भेद अधिक अर्थपूर्ण वाटतो. लॉराची मुले तिच्यापासून हिरावली गेली; नोरा आपली तीन मुले आपणहून मागे ठेवून जाते. लॉरा विनवणी करून परतली. नोरा दार ओढून घेते. म्हणजे जे एका स्त्रीवर लादले गेले ते नाटकात दुसऱ्या स्त्रीच्या निर्णयाचे रूप घेते. कलात्मक दृष्टीने हे रूपांतर थोर आहे यात वाद नाही. नोराच्या रूपाने स्त्रीला कर्तेपण मिळाले ते येथेच. पण हेच कर्तेपण ज्या आयुष्यातून उचलले त्या आयुष्याला परत दिले गेले नाही, हीही त्याच रूपांतराची दुसरी बाजू आहे.

मुलांचा हा मुद्दा नाटकाच्या पुढील इतिहासातही उसळून वर येत राहिला. जर्मन अभिनेत्री हेडविग नीमान-राबे हिने, आपण स्वतः मुलांना कधीच सोडणार नाही, या कारणास्तव शेवटचा प्रवेश करण्यास नकार दिला. नाटकाला तेथे कायद्याचे संरक्षण नव्हते. दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेनने १८८० साली पर्यायी शेवट लिहून दिला. त्यात हेल्मर नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तेथे कोसळते. या शेवटाला त्याने स्वतःच रानटी अत्याचार म्हटले. गंमत अशी, की हा नाकारलेला, ओशाळवाणा शेवट लॉराच्या प्रत्यक्ष आयुष्याच्या अधिक जवळ आहे.

लॉराला या नाटकाने काय दिले? लोक तिला ‘नोरा’ म्हणून ओळखू लागले. गिओर्ग ब्रांडेससारख्या वजनदार समीक्षकाने, नोराच्या मूळ स्त्रीने पैसे नवऱ्याच्या जिवासाठी नव्हे तर घराच्या सजावटीसाठी घेतले होते, असे लिहिले. आपली बाजू इब्सेनने जाहीरपणे स्पष्ट करावी, अशी लॉराने विनंती केली. आपण तसे कधी म्हटलेलेच नाही, तेव्हा खुलासा करण्याचे कारण काय, अशी भूमिका घेऊन त्याने नकार दिला. तर्कदृष्ट्या हे उत्तर निर्दोष आहे. स्वायत्ततेचा सिद्धांत नेमका येथे एखाद्या वकिलासारखा लेखकाच्या मदतीला येतो, हे आपण समीक्षकांनी ध्यानात घ्यायला हवे.

नाटकाचा वारसा पुढे नेणाऱ्या स्त्रियांना मात्र या प्रश्नाची जाणीव निराळ्या रीतीने होती. १८८६ साली लंडनमध्ये एलेनॉर मार्क्सने आपल्या घरी या नाटकाचे वाचन घडवले आणि नोरा स्वतः वाचली. पुढे इब्सेनचा अनुवाद करता यावा म्हणून ती नॉर्वेजियन भाषा शिकली. १८८९ साली जॅनेट अॅचर्चने लंडनच्या रंगभूमीवर नोरा साकारली. एलिझाबेथ रॉबिन्स आणि मॅरियन ली यांनी १८९१ साली ‘हेड्डा गाब्लर’ स्वतःच्या जबाबदारीवर उभे केले. व्यावसायिक रंगभूमीचे पुरुष व्यवस्थापक या नाटकांकडे पाठ फिरवत असताना इंग्रजीत इब्सेन रुजला तो मुख्यतः या स्त्रियांमुळे. याउलट, १८९८ साली नॉर्वेतील स्त्रीहक्क संघटनेच्या सत्कारात इब्सेनने, आपण जाणीवपूर्वक स्त्रियांच्या चळवळीसाठी काम केलेले नाही, आपला विषय माणूस हा आहे, अशा अर्थाचे भाषण केले. त्या एका भाषणाच्या आधारे नोराला ‘वैश्विक’ करून तिचे स्त्रीपण पुसून टाकणाऱ्या टीकेची दीर्घ परंपरा निर्माण झाली. जोन टेम्पलटन यांनी या परंपरेचा समाचार घेतला आहे आणि तो रास्त आहे. आपल्याकडे अनंत काणेकरांचे ‘घरकुल’ किंवा रांगणेकरांचे ‘कुलवधू’ (१९४२) यांची चर्चा करताना नोराचे नाव परंपरेनेच घेतले जाते. परंतु तेथेही नोरा ही एक कल्पना म्हणून येते, जणू ती इब्सेनच्या मस्तकातून पूर्ण वाढलेलीच बाहेर पडली.

लॉरा लिहीत राहिली. तिचे ‘सन्माननीय पुरुष’ या अर्थाच्या शीर्षकाचे नाटक १८९० साली आले. ती १९३२ साली वारली. म्हणजे इब्सेननंतर सव्वीस वर्षे ती जगली.

इब्सेनचे शेवटचे नाटक ‘व्हेन वुई डेड अवेकन’ १८९९ सालचे. त्यात रुबेक हा शिल्पकार आणि त्याच्या शिल्पासाठी एकेकाळी उभी राहिलेली आयरीन पुष्कळ वर्षांनी भेटतात. आयरीन म्हणजे लॉरा की एमिली की आणखी कोणी, हा वाद मला निष्फळ वाटतो. लक्षणीय आहे ते वेगळेच. त्या शिल्पाला आयरीन ‘आमचे मूल’ म्हणते, आणि रुबेकला कबूल करावे लागते, की नंतर त्या शिल्पसमूहात इतर आकृती घालताना त्याने तिची आकृती मागे सरकवली आणि पुढे, झऱ्याकाठी, पश्चात्तापाने दग्ध झालेल्या एका पुरुषाला बसवले. तो पुरुष म्हणजे तो स्वतःच. हे ऐकून आयरीन त्याला शिल्पकार म्हणत नाही. ती त्याला ‘कवी’ म्हणते, आणि त्या शब्दातला तिचा तिरस्कार रुबेकलाही कळतो.