पान्हा आणि पंप

घरात बाळंतपण जवळ आले की पूर्वी डिंक, अळीव, खारीक-खोबरे अशी यादी होत असे. अलीकडे त्या यादीच्या शेवटी आणखी एक वस्तू आलेली दिसते, ती म्हणजे ब्रेस्ट पंप. आईच्या अंगावरचे दूध काढून घेण्याचे यंत्र. परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षे प्रसूती विभागात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात गेली. त्यामुळे ओळखीपाळखीच्या मुली, त्यांच्या आया आणि हल्ली त्यांचे नवरेसुद्धा मला हमखास विचारतात, ‘‘कोणता पंप घ्यावा हो?’’ या प्रश्नाचे खरे उत्तर दुकानातल्या खोक्यावर छापलेले नसते. ते या यंत्राच्या इतिहासात सापडते, असे मला वाटते. म्हणून आज तो इतिहासच थोडक्यात सांगते.

दूध काढण्याची गरज यंत्राहून फार जुनी आहे. बाळ ओढत नाही, स्तनाग्रे आत वळलेली असतात, छाती दगडासारखी भरून येते, ताप चढतो. आपल्याकडे अशा वेळी सुईण किंवा घरातली जाणती बाई गरम पाण्याने शेकून हलक्या हाताने दूध पिळून काढीत असे. युरोपात याहून विचित्र उपाय चालत. स्त्रियांच्या हक्कांचा कैवार घेणारी इंग्लिश लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट १७९७ साली लंडनमध्ये बाळंत झाली. तिला ताप भरला, तेव्हा डॉक्टरांनी बाळाला अंगावर पाजू नका, असे सांगितले. मग साचलेले दूध ओढून काढण्यासाठी चक्क कुत्र्याची पिल्ले आणली गेली! तिचे पती विल्यम गॉडविन यांनी ही हकिगत लिहून ठेवली आहे. मेरी त्या आजारातून उठली नाही. मागे राहिलेली तिची मुलगी म्हणजे पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणारी मेरी शेली.

त्या काळात काचेची साधनेही होती. काचेची वाटी छातीला लावायची आणि तिला जोडलेल्या लांब वाकड्या नळीतून बाईने स्वतःच तोंडाने हवा ओढायची. एकोणिसाव्या शतकात टिकाऊ रबर आले आणि तोंडाचे काम रबरी फुग्याने घेतले. १८५४ साली अमेरिकेत ओ. एच. नीडहॅम यांनी अशा पंपाचे पेटंट घेतले. या साऱ्यांमागचे तत्त्व एकच, हवा काढून पोकळी करा, दूध आपोआप बाहेर येईल. काचेची वाटी आणि रबरी फुगा असलेला पंप आपल्याही औषधांच्या दुकानांत कितीतरी वर्षे मिळत होता. माझ्या पिढीच्या परिचारिकांना तो चांगला आठवत असेल. फुगा दाबून सोडला की किती जोर लागेल याचा नेम नसे, स्तनाग्र लाल होई, आणि दूध फुग्यात शिरले की तो आतून धुता येत नसे.

पण या पंपाची खरी उणीव वेगळीच होती. ती गुरे पाळणाऱ्या कुणालाही कळेल. वासरू सोडल्याशिवाय गाय पान्हवत नाही, आणि मनात नसेल तर ती पान्हा चोरते, हे आपल्या खेड्यापाड्यांत कोण जाणत नाही? बाईचेही तसेच आहे. बाळ ओढू लागले, त्याचा स्पर्श झाला, कधी नुसता रडण्याचा आवाज कानावर पडला, की मेंदूकडून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात येते. स्तनातल्या दूधपिशव्यांभोवतालच्या बारीक पेशी त्यामुळे आकसतात आणि दूध पुढे ढकलले जाते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. भीती, वेदना आणि घाई यांनी हा पान्हा अडतो. म्हणजे दूध नुसते बाहेरून ओढायचे नसते, ते आतून यावे लागते. दुखवणारा पंप स्वतःच्याच कामात अडथळा आणतो, तो असा.

गंमत म्हणजे यंत्र बनवणाऱ्यांनी हा धडा आधी गाईंच्या बाबतीत घेतला. सुरुवातीची दूध काढण्याची यंत्रे सडांना एकसारखी ओढ देत आणि त्याने सडांना इजा होई. १८९५ च्या सुमारास स्कॉटलंडमधील अलेक्झांडर शील्ड्स यांच्या ‘थिसल’ या यंत्राने ओढणे आणि सोडणे आलटून पालटून सुरू केले. वासरू हेच करते, हे तोवर लक्षात आले होते.

बायकांसाठीच्या यंत्रात विजेची मोटर आली ती १९२० च्या दशकात. ती आणणाऱ्यांमधले एक नाव बुद्धिबळाच्या शौकिनांना ओळखीचे आहे, एडवर्ड लास्कर. जगज्जेता इमॅन्युएल लास्कर तो वेगळा. या एडवर्डने १९१२ साली लंडनमध्ये सर जॉर्ज थॉमस यांच्याविरुद्ध वजिराचा बळी दिला, त्यांच्या राजाला पटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत हाकलत नेले आणि १८ व्या चालीला मात केली. तो डाव आजही पुस्तकांत सापडतो. हा गृहस्थ व्यवसायाने इंजिनिअर होता. अमेरिकेत गेल्यावर त्याने दूध काढणाऱ्या पंपाचे पेटंट मिळवले. त्याचे यंत्र अवजड होते, ते घरासाठी नव्हतेच. रुग्णालयात ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ओढण्याची ताकद नसते, त्यांच्यासाठी ते होते. अशा बाळाला आईचे दूध पोचवायचे तर कुणीतरी ते काढून द्यायला हवे.

त्या दुधाची किंमत १९३४ साली जगाला दिसली. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या एका शेतकरी कुटुंबात दिवस भरण्याआधीच पाच मुली एकदम जन्मल्या. त्या दिऑन भगिनी. पाचही मिळून वजन जेमतेम सहा किलो. त्यांच्यासाठी टोरोंटोसारख्या शहरांतून इतर मातांचे दूध गोळा करून पाठवले जात होते. पाचही मुली जगल्या. एकाच वेळी जन्मलेली पाचही भावंडे तान्हेपण ओलांडून मोठी झाल्याची जगातली ही पहिली नोंद.

पण विजेचा पंपही दुखवतच होता. या दुखण्याचा शास्त्रशुद्ध विचार केला तो स्वीडनमधील इंजिनिअर आयनार एग्नेल यांनी. दूध काढताना स्तनाच्या आत नेमके काय घडते, ओढ किती असली तर ती सोसवते, किती वेळ दिली तर इजा होते, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९५६ साली तो प्रसिद्ध केला. त्यांच्या यंत्रात ओढ हळूहळू वाढे, एका मर्यादेवर थांबे, पूर्ण सुटे, मग क्षणभर विसावा. या कामात त्यांना माया किंडबर्ग या परिचारिकेने वेळोवेळी मदत केली. कोणत्या बाईला कुठे दुखले, काय बदलायला हवे, हे प्रसूती विभागात रोज वावरणाऱ्या सिस्टरशिवाय कोण सांगणार? एग्नेल यांनी यंत्राला नाव दिले तेच मुळी ‘सिस्टर मायाचा पंप’. परिचारिकेचे नाव यंत्राला मिळाल्याची ही हकिगत मला फार मोलाची वाटते.

१९६१ साली ओले लार्सन या स्वीडिश गृहस्थांनी स्वित्झर्लंडमध्ये त्सूग येथे व्यवसाय सुरू केला आणि एग्नेल यांचे पंप देशोदेशींच्या रुग्णालयांत पोचवले. पुढची तीसेक वर्षे मोटरचा पंप ही रुग्णालयातली, फार तर भाड्याने आणण्याची वस्तू होती. १९९० च्या दशकात ती घरात आली. लार्सन यांच्याच मेडेला कंपनीने १९९६ च्या सुमारास खांद्याला अडकवण्याच्या काळ्या बॅगेत बसवलेला पंप अमेरिकेत बाजारात आणला. बाहेरून पाहणाऱ्याला ती कचेरीची साधी बॅग वाटावी.

ही बॅग अमेरिकेतच का खपली? तिथे १९९३ साली कायदा झाला तो १२ आठवड्यांच्या रजेचा, आणि तीही बिनपगारी. सव्वा-दीड महिन्याचे बाळ घरी ठेवून बाई कामावर हजर होई. तिला रजा देण्यापेक्षा पंप देणे सोपे होते. आणि ज्या स्वीडनमध्ये सिस्टर मायाचा पंप जन्मला, तिथे १९७४ सालीच आई आणि बाप दोघांनाही वाटून घेता येईल अशी पगारी रजा सुरू झाली होती. यंत्राचे तत्त्व तेच, पण एका ठिकाणी ते आजारी बाळाला आईशी जोडत होते, आणि दुसऱ्या ठिकाणी धडधाकट बाळाला आईपासून दूर ठेवण्याची सोय करत होते.

आपल्याकडची कथा यापेक्षा निराळी आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. व्हिएन्नात अशी पेढी १९०९ मध्येच निघाली होती. दात्या मातांचे दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून निर्जंतुक करायचे, गोठवून ठेवायचे आणि ज्या बाळाच्या आईला दूध नाही किंवा जी आई स्वतःच अत्यवस्थ आहे, त्या बाळाला द्यायचे. आपल्याच कर्नाटकातल्या दावणगेरेच्या डॉक्टरांनी १९९३ साली आणखी साधा उपाय प्रसिद्ध केला. इंजेक्शनच्या सिरिंजचे सुईकडचे टोक कापायचे, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायचा आणि गुळगुळीत बाजू छातीला लावून आत वळलेले स्तनाग्र हलकेच बाहेर ओढायचे. काही रुपयांचे साधन. त्यावर कितीतरी बाळे आईच्या अंगावर लागली.

कायद्याचे म्हणाल तर १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली, म्हणजे बाळाने केवळ आईच्या दुधावर राहावे असे सांगतात तेवढे सहा महिने. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम राहिल्या. पण धुणीभांडी करणारी, बांधकामावर विटा उचलणारी, ऊस तोडणारी आई या रजेत कुठे बसते? तिला पंप परवडत नाही आणि रजाही मिळत नाही. घरी तान्हे बाळ भुकेले आहे म्हणून रायगडाचा कडा उतरून जाणाऱ्या हिरकणीची आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो. एसटीच्या स्थानकांवरच्या हिरकणी कक्षांना तिचेच नाव आहे. पण प्रत्येक आईला कडा उतरायला लावणे हा काही तिचा गौरव नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. कोणता पंप घ्यावा? पहिले उत्तर असे की बाळ नीट ओढत असेल आणि तुम्ही घरीच असाल, तर बहुधा कोणताच नको. हाताने दूध काढायला मात्र प्रत्येकीने शिकावे. अंगठा आणि बोटे स्तनाग्राच्या भोवतालच्या काळसर भागामागे ठेवायची, छातीच्या दिशेने दाबायची, मग एकमेकांकडे आणायची, घासायची नाहीत. अधूनमधून बाहेर जावे लागत असेल तर हाताने चालवायचा पंप पुरतो. रोज आठ-दहा तास नोकरी असेल तर विजेचा घ्यावा. बाळ अतिदक्षता कक्षात असेल तर दोन्ही बाजूंचे दूध एकदम काढणारा रुग्णालयाचा पंप लागतो आणि तो शक्य तितक्या लवकर, दर दोन-तीन तासांनी वापरावा लागतो.

घेताना जोर किती हे पाहू नका, माप पाहा. छातीला लावायची वाटी स्तनाग्राच्या जाडीला जुळली पाहिजे. खोक्यातली वाटी सर्वांना बसतेच असे नाही. सुरुवात हलक्या ओढीने करावी. दुखत असेल तर काहीतरी चुकते आहे, ते सोसू नये. दूध मागे नळीत शिरणार नाही अशी रचना असावी. एकीसाठी बनवलेला पंप दुसरीचा वापरू नये. दुधाला लागणारे सारे भाग प्रत्येक वेळी धुऊन, रोज एकदा उकळून कोरडे करावेत.

काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रीजमध्ये आतल्या बाजूला चार दिवसांपर्यंत राहते. आपल्या उन्हाळ्यात खोली २५ अंशांवर कुठली? आणि फ्रीजही वीज असेल तोवरच. म्हणून काढले की लगेच थंड करावे आणि शक्यतो एका दिवसात संपवावे. देताना दुधाची वाटी कोमट पाण्यात धरावी, गॅसवर तापवू नये. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आजीच्या वेळचे बोंडले उत्तम. बाटल्यांची जाहिरात आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंद आहे, ती उगीच नव्हे.

आणि एक गोष्ट. पंपात किती दूध आले यावरून आईला दूध किती आहे हे ठरत नाही. निरोगी बाळ यंत्रापेक्षा चांगले ओढते. पंपाच्या बाटलीत तळाशी जेमतेम बोटभर दूध पाहून ‘‘हिला दूधच नाही’’ असे म्हणत वरचे दूध सुरू करणारी घरे मी खूप पाहिली. बाळाचे वजन वाढते आहे, दिवसातून सहा-सात वेळा शू होते आहे, तर दूध पुरते आहे, एवढेच मोजमाप धरावे.

पंप हे वाईट यंत्र नाही. अपुऱ्या दिवसांच्या कितीतरी बाळांच्या ओठाला त्यानेच आईचे दूध लावले आहे. मात्र तो विकत घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून एक प्रश्न विचारावा, या आईला आणि बाळाला दूर कोण करते आहे? आजार करत असेल तर पंप आणा. घरातली कामे करत असतील, तर ती कामे दुसऱ्यांनी उचला. कचेरी करत असेल, तर आधी रजेचा अर्ज लिहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)