शीतनाचा ‘टन’ : एक मापविचार

जुन्या कागदांत ‘मण’ हा शब्द आला म्हणजे तो कोठला मण हें प्रथम विचारावें, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. बंगालचा बाजारी मण सुमारें ८२ पौंडांचा, मुंबईचा २८ पौंडांचा व मद्रासचा २५ पौंडांचा. नुसत्या शब्दावर जो विसंबला त्याचा हिशेब बुडाला. परंतु हाच विवेक आपल्या पोथ्यांच्या खोलींत वातानुकूलन यंत्र बसवितांना आपण गुंडाळून ठेवितों, असा आमचा अनुभव आहे. सबब या यंत्रांच्या मापांचें मूळ येथें थोडक्यांत मांडीत आहों.

यंत्र ‘दीड टनाचें’, ‘दोन टनांचें’ असें म्हणतात. पुष्कळांस हें यंत्राचें वजन वाटतें. तें वजनच आहे, पण यंत्राचें नव्हे, बर्फाचें. कृत्रिम शीतनाची युक्ति रूढ होण्यापूर्वीं थंडी विकत मिळे ती बर्फाच्या रूपानें. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील तळीं हिवाळ्यांत गोठत; तेथील बर्फाचे चिरे कापून, भुसा-गवतांत रचून ते जहाजांत भरीत. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानें १८३३ च्या मे महिन्यांत ‘टस्कनी’ नांवाच्या जहाजांतून सुमारें १८० टन बर्फ कलकत्त्यास रवाना केला. दोनदां विषुववृत्त ओलांडून सप्टेंबरांत जहाज पोंचलें, तेव्हां त्यांतील सुमारें १०० टन शिल्लक होता. पुढें मुंबई व मद्रास येथेंही हा माल येऊं लागला. मद्रासेस समुद्रकांठीं बांधिलेलें बर्फघर अद्याप उभें आहे. १८९७ सालीं स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथें झाल्यामुळें तें आज त्यांच्याच नांवानें ओळखिलें जातें.

शीतयंत्रें निघालीं तेव्हां गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढें बर्फच होता. हें यंत्र किती बर्फाचें काम करील, एवढेंच त्यास कळावयास हवें होतें. म्हणून यंत्राची शक्ति बर्फाच्याच भाषेंत सांगण्याचा प्रघात पडला. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता तितक्याच वेळांत जें यंत्र बाहेर काढील तें एक टनाचें. हा टन अमेरिकन, २,००० पौंडांचा. एक पौंड बर्फाचें पाणी होण्यास १४४ ब्रिटिश उष्णतामापें, बाजारच्या भाषेंत ‘बीटीयू’, लागतात. एक पौंड पाण्याचें तापमान फारनहाइटच्या एका अंशानें वाढवावयास लागणारी उष्णता तें एक बीटीयू. २,००० ला १४४ नें गुणिलें असतां २,८८,००० येतात. त्यांस २४ नें भागिलें म्हणजे तासास १२,०००. आजच्या प्रत्येक जाहिरातींतील १२,००० हा आंकडा येणेंप्रमाणें बर्फाच्या गाडींतून उतरलेला आहे.

आतां येथेंच खरी मेख आहे. इंग्लंडचा टन २,२४० पौंडांचा. तो घेऊन हाच गुणाकार केला तर १३,४४० येतात. मेट्रिक टन १,००० किलोचा. तो घेऊन जपानांत तासास ३,३२० किलोकॅलरी असा शीतनाचा टन ठरला, तर अमेरिकन टन किलोकॅलरींत मांडिल्यास ३,०२४ च भरतो. तफावत शेंकडा सुमारें दहा. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत द्रोणाचीं चार मानें सांगितलीं आहेत : राजाच्या कोठारांत भरणा घ्यावयाचा द्रोण २०० पलांचा, व्यवहारांतला १८७॥ पलांचा, वांटपाचा १७५ पलांचा आणि अंतःपुराकडे जावयाचा १६२॥ पलांचा. घेतांना मोठा व देतांना लहान, यांत कौटिल्याचा हेतु उघड आहे. आणि त्यानें तो लिहून ठेविला आहे, ही त्याची सचोटीच म्हणावयाची. टनांच्या बाबतींत असा हेतु नाहीं, केवळ प्रांताप्रांताची संवय आहे. पण फसगत सारखीच.

अशा एका फसगतींत आमचाही हात होता. कांहीं वर्षांपूर्वीं एका संग्रहाच्या समितीवर आम्ही असतांना दप्तरखोलीसाठीं यंत्र घेण्याचें ठरलें. एका जाणत्या गृहस्थांनीं भिंती, छत, खिडक्या, दिवे, माणसें या सर्वांचा हिशेब करून तासास निघणाऱ्या उष्णतेचा भार कागदावर लिहून दिला : ‘२४,०००’. पुढें मापाचें नांव नव्हतें. एका दुकानदारानें तीं बीटीयू धरून १२,००० नें भागिलें व दोन टनांचें यंत्र सुचविलें. दुसऱ्यानें त्याच किलोकॅलरी समजून ३,०२४ नें भागिलें. भागाकार जवळजवळ आठ आला. समितीनें मूळ गृहस्थांस विचारण्याऐवजीं तडजोड केली आणि चार टनांचें यंत्र घेतलें. दोन व आठ यांचा गुणोत्तरी मध्य चार येतो, एवढाच त्या ठरावाचा गणिताशीं संबंध. ठरावाच्या बाजूनें आम्हींही हात वर केला होता.

जास्त मोठें यंत्र घेतल्यानें बिघडतें काय, असें कोणी विचारील. त्या पावसाळ्यांत तें कळलें. यंत्र अवाढव्य असल्यानें खोली कांहीं मिनिटांतच गार होई व यंत्र थांबे. हवेंतील ओल थंड नळ्यांवर जमून वाहून जावयास यंत्र बराच वेळ चालावें लागतें. तें न चालल्यामुळें खोली गार आणि दमट राहिली. भाद्रपदांत रुमाल सोडून पाहतों तों बुरशी. एका रुमालांतील मोडी कागद एकमेकांस चिकटले होते. ते सोडवितांना तीन पत्रांच्या शेवटच्या ओळींची शाई उठून आली व त्यांबरोबर तारखा गेल्या. त्यांच्या नकला कोणीं केल्या नव्हत्या.

रूपांतर मुळीं कठीण नाहीं. एक किलोकॅलरी म्हणजे एक किलो पाण्याचें तापमान शतमानाच्या एका अंशानें वाढविणारी उष्णता. किलोचे पौंड २.२०४६ आणि शतमानाच्या एका अंशाचे फारनहाइट अंश १.८, गुणाकार ३.९६८. म्हणजे एका किलोकॅलरींत जवळजवळ चार बीटीयू, आणि आमच्या समितीपुढील दोन व आठ यांचें कोडें येथेंच सुटतें. एक किलोवॅट म्हणजे तासास ८६० किलोकॅलरी किंवा ३,४१२ बीटीयू. अमेरिकन टन ३.५१७ किलोवॅट. साडेतीन धरिल्यास फरक शेंकडा अर्ध्याच्या आसपास, आणि भाराचा मूळ अंदाजच इतका सूक्ष्म नसतो. तेव्हां साडेतीनावर कोणी अडून बसूं नये. हल्लीं लेबलावर शीतनशक्ति वॅटमध्यें छापितात. तेथें ५,००० आंकडा असेल तर तें यंत्र दीड नव्हे, १.४२ टनाचें. हे वॅट बाहेर काढलेल्या उष्णतेचे; यंत्र खातें त्या विजेचे वॅट निराळे, व ते पुष्कळ कमी असतात.

आणखी एक खड्डा. बाहेर ४० अंश व आंत २४ हवे असतील तर अंतर १६ अंशांचें. तें फारनहाइटमध्यें २८.८ होतें, ३२ मिळवून ६०.८ करणारे आम्हीं पाहिले आहेत. ३२ ची भर तापमानास लागते, तापमानांच्या अंतरास लागत नाहीं. भिंतींतून येणारी उष्णता या अंतरावरच मोजितात, त्यामुळें ही एक चूक तेवढा भाग दुपटीहून अधिक फुगविते.

भास्कराचार्यांनीं शके १०७२ च्या सुमारास रचिलेल्या लीलावतीच्या आरंभीं वराटक, काकिणी, पण, द्रम्म यांची परिभाषा दिली आहे. त्रैराशिक त्यानंतर येतें. शाळेंत हा भाग मुलांस कंटाळवाणा वाटे व आम्हीही तो घाईनें उरकीत असूं. त्या संग्रहांतील चार टनांचें यंत्र पुढें काढून दोन टनांचें बसविलें आहे, आणि खोलींत आर्द्रतामापक टांगून रोज दोन वेळां त्याची नोंद वहींत होते. त्या तीन पत्रांच्या नकला कोणा संग्राहकाच्या दप्तरांत असल्यास त्यांनीं संपादकांकडे कळवावें, ही विनंति.