बी.ए.चा प्रबंध आणि जपानातील बहिष्कृत वस्ती

बी.ए.च्या विद्यार्थ्याने संशोधन करावे, ही कल्पनाच आपल्याकडील पुष्कळ प्राध्यापकांना हास्यास्पद वाटते. गाईडमधून उतरवलेली वीस-पंचवीस पाने, वर रंगीत आवरण आणि आत मार्गदर्शकांचे आभार, एवढ्यालाच प्रकल्प म्हणण्याची रीत पडली आहे. त्यातून विषय आशियाच्या इतिहासाचा असला की हटकून जपान येतो आणि जपान आला की 'जपानची प्रगती' येते. मी तालुक्याच्या गावी बरीच वर्षे इतिहास शिकवला. असे 'प्रगती'चे गठ्ठे मी किती तपासले, याची गणती नाही.

ज्यांना विद्यार्थ्याच्या संशोधनाचे हसू येते त्यांनी ९ मे १९१६ हा दिवस आठवावा. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. पदवी झालेली होती हे खरे, पण ते विद्यार्थीच होते आणि वय होते २५. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर या चौघांच्याही व्याख्या त्यांनी समोर मांडून तपासल्या, प्रत्येकीत काय उणे आहे ते दाखवले आणि जातीचे मर्म जातिअंतर्गत विवाहात आहे हे सिद्ध केले. मे १९१७ मध्ये तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. मोठ्यांच्या ग्रंथांना प्रश्न विचारण्यासाठी पांढऱ्या केसांची वाट पाहावी लागत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या तृतीय वर्षाच्या वर्गातील एका मुलीने मेइजी काळावर प्रकल्प घेतला. मुलगी आपल्याच वस्तीतली, वडील चर्मकामाच्या कारखान्यात. पुस्तकात सरंजामशाही संपली, सामुराईंचे विशेषाधिकार गेले, सक्तीचे शिक्षण आले, हे सगळे होते. तिने विचारले, "सर, तिथे कातडे कोण कमवत होते?" वर्गात हशा झाला. मला मात्र वाटले की प्रश्न पडला, आता प्रकल्प होईल.

उत्तर सापडायला दोन महिने लागले. जपानी भाषा तिला येत नव्हती, मलाही येत नाही. दे व्हॉस आणि वागात्सुमा यांचा १९६६चा इंग्रजी ग्रंथ दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयातून मागवला, तेव्हा वाट दिसली. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे, गुन्हेगारांना देहदंड देताना राबणे, ही कामे ज्यांच्या गळ्यात बांधली होती त्यांना 'एता' म्हणत. त्या शब्दाच्या लिपिचिन्हांचा अर्थच 'पुष्कळ विटाळ' असा होतो. दुसरा वर्ग 'हिनिन', म्हणजे माणूस नसलेला. १८७१ साली मेइजी सरकारने फर्मान काढून ही नावे रद्द केली. आपल्या पाठ्यपुस्तकात या फर्मानाला एक ओळही नाही.

रद्द झाले म्हणजे काय झाले? चामड्याच्या धंद्यावरचा जुना हक्क गेला, करातली सूट गेली, जमीन मात्र मिळाली नाही. १८७२च्या कुटुंबनोंदणीत कित्येक ठिकाणी या लोकांपुढे 'नवे सामान्यजन' असा शेरा मारला गेला. १८७३ साली मिमासाका भागात शेतकऱ्यांचा दंगा उसळला, तेव्हा नव्या करांबरोबर या फर्मानाचाही राग बहिष्कृत वस्त्यांवर निघाला. घरे जळली, माणसे मारली गेली. माझ्या विद्यार्थिनीला हे वाचताना भाषांतराची गरज पडली नाही.

सर्वांत जड गेले ते बौद्ध धर्माचे प्रकरण. आपण १९५६ साली ज्या धम्मात मुक्ती शोधली, त्याच बुद्धाच्या नावाने चालणाऱ्या तिथल्या मंदिरांनी या लोकांना मृत्यूनंतरही सोडले नव्हते. मृताला जे धर्मनाम देतात त्यात 'पशू' अशा अर्थाची चिन्हे घालून ती थडग्यांवर कोरली जात. १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्याने जपानात असा भेदभाव नाहीच, असे सांगून टाकले. त्यावर काहूर उठले, विधान मागे घ्यावे लागले आणि पंथाला थडगी व मृतांच्या नोंदवह्या तपासायला बसावे लागले. ती म्हणाली, हे प्रकरण गाळू या का? विहारातली माणसे वाचतील. मी गाळू दिले नाही. बाबासाहेबांनी धम्म दिला तो चिकित्सेसकट दिला, आणि भिक्षूंच्या संघाला प्रश्न विचारणारे पहिले तर तेच होते.

मग नकाशाचा पेच आला. तिला वस्त्या टिंबांनी दाखवणारा नकाशा शेवटी जोडायचा होता. नकाशा असला की परीक्षकावर छाप पडते, हे आमच्या विद्यार्थ्यांना पक्के ठाऊक असते. पण वाचता वाचता तिला १९७५चे प्रकरण सापडले. देशभरातल्या बुराकु वस्त्यांची नावे-पत्ते असलेली यादी गुपचूप विकली जात होती आणि २००हून अधिक कंपन्यांनी ती विकत घेतली होती. नोकरीला आलेला मुलगा कुठला, हे पाहण्यासाठी! लग्न ठरवताना खासगी गुप्तहेराकडून मूळ काढण्याची चालही तिथे होतीच. बाबासाहेबांनी १९१६ साली दाखवलेले कुंपण ते हेच. रूप, वर्ण, भाषा यांत काही फरक नसलेल्या माणसाला ओळखायचे कशावरून? गावाच्या नावावरून.

आपल्याला हे नवे नाही. आडनाव ऐकून गाव विचारणारे आणि गाव ऐकून वाडा विचारणारे आपण रोज पाहतो. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये.

पण मग लपवणे हेच उत्तर मानायचे का? शिमाझाकी तोसोन यांच्या १९०६च्या कादंबरीतला शिक्षक बापाच्या आज्ञेने मूळ लपवतो आणि आतून कुजतो. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोला सुइहेइशा स्थापन झाली. साइको मांकिची या मंदिरात वाढलेल्या तरुणाने तिचा जाहीरनामा लिहिला आणि ज्या शब्दाने शिवी दिली जात होती तोच शब्द त्यात अभिमानाने उच्चारला. काळ्या झेंड्यावर रक्तवर्णी काटेरी मुकुट होता. आपल्या आत्मचरित्रांनीही वाडा लपवला नाही. दोन महिने आमचा वाद चालला. मी म्हणत होतो की नकाशा द्यावा, इतिहासात झाकपाक नको. ती म्हणत होती की माझ्या टिंबावरून कुणाची सोयरीक मोडली तर?

तिने काढलेला मार्ग माझ्या मताहून सरस होता. ज्या गावातील लोकांनी स्वतः नाव जाहीर केले आहे तेवढेच लिहायचे. म्हणून तिच्या प्रबंधात काशिवाबारा हे एकच गाव नावाने आले. नारा प्रांतातले हे सुइहेइशाचे जन्मस्थान. तिथल्या लोकांनी १९९८ साली आपले संग्रहालय उभारले आहे. बाकीच्या वस्त्यांसाठी एक वाक्य होते : १९९३च्या सरकारी पाहणीनुसार ४,४४२ वस्त्या, लोक सुमारे ९ लाख.

जपानात हाच वाद न्यायालयात गेला. १९३६च्या एका सर्वेक्षणात पाच हजारांहून अधिक वस्त्यांची नावे होती. ते २०१६ साली पुन्हा छापण्याचा घाट एकाने घातला, कारण सांगितले संशोधनाचे. न्यायालयाने छपाई रोखली. २०२३ साली टोकियोच्या उच्च न्यायालयाने भेदभाव न होण्याचा माणसाचा हक्क मान्य करून यादीवरची बंदी वाढवली.

बहिःस्थ परीक्षकांनी 'नकाशा नाही' असा शेरा मारून गुण कापले. तिने पुनर्तपासणी मागितली नाही. तिच्या मागच्या तुकडीतली दोन मुले मग कोरियातील बेकजोंग या खाटीक समाजाकडे वळली. १८९४च्या सुधारणांत त्यांचाही कमी दर्जा कागदावर रद्द झाला होता आणि १९२३ साली जिंजू येथे त्यांनी ह्योंगप्योंगसा ही संघटना काढली. तिचे नावच तराजूवरून घेतले आहे. आता ती दोघे विचारत आहेत की जिंजूतल्या चर्चमध्ये बेकजोंगांशेजारी बसायला इतर ख्रिस्ती का तयार नव्हते. ग्रंथ पुण्याहून मागवला आहे, अजून आलेला नाही.