एक कळफलक, दोन यंत्रें

संगणकाच्या इतिहासांत माणूस आणि यंत्र यांचें प्रमाण एकदां पार उलटें झालेलें दिसतें. १९६१ च्या नोव्हेंबरांत फर्नांडो कोर्बाटो यांनीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत यंत्राचा वेळ वांटून देण्याची पद्धति दाखविली. एका अजस्र यंत्राला जोडलेल्या टंकयंत्रांवर निरनिराळीं माणसें बसत आणि यंत्र क्षणाक्षणाला एकेकाची विचारपूस करी. यंत्र दुर्मिळ व माणूस सुलभ, असा तो काळ होता. पुढील तीस वर्षांत यंत्रें इतकीं स्वस्त झालीं कीं, एका माणसापुढें दोन, चार, आठ यंत्रें येऊन उभीं राहिलीं. हात मात्र दोनच राहिले.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय. बी. एम. कंपनीनें आपला व्यक्तिगत संगणक जाहीर केला, तो एक मेज, एक खुर्ची व एक मालक हें गृहीत धरूनच. १९८७ मध्यें याच कंपनीनें पीएस-टू मालिकेबरोबर कळफलक व माउस यांसाठीं लहान गोल जोड आणि पडद्यासाठीं पंधरा पिनांचा जोड आणला. इतरांनींही तेच उचलले. जोड एकसारखे झाल्यावर मधें एक पेटी ठेवावी, तिला खटका लावावा आणि खटका फिरेल तिकडच्या यंत्राशीं तारा जुळाव्या, ही युक्ति कोणालाही सुचण्याजोगी होती.

युक्ति सोपी खरी. परंतु यंत्रें भोळीं नव्हतीं. संगणक सुरू होतांना प्रथम आपला कळफलक जागेवर आहे कीं नाहीं याची चौकशी करी. तो न सांपडल्यास काम थांबवून तक्रार मांडी, आणि पुढें जाण्यासाठीं एफ-१ ही कळ दाबण्यास सांगे! जो कळफलकच नाहीं त्यावरील कळ दाबावी कशी, याचा खुलासा कोठेंही नसे. माउसची गोष्ट याहून नाजूक. गोल जोडाचा माउस वीज मिळाल्यावर गप्प असतो; यंत्राची आज्ञा झाल्यानंतरच तो आपल्या हालचालींची वर्दी देऊं लागतो. तार क्षणभर तुटून पुन्हां जुळली कीं माउस पुन्हां गप्प बसे, आणि यंत्र मात्र आज्ञा पूर्वींच दिली आहे अशा समजुतींत असे. पडद्यावरील बाण जागींच थिजून जाई.

यावर जो उपाय निघाला, त्यास सोज्ज्वळ फसवणूक म्हणणेंच योग्य. पेटींतच एक चिमुकला संगणक बसविण्यांत आला. धनी दुसऱ्या यंत्रापाशीं गुंतलेला असतांना तो पहिल्या यंत्राला 'कळफलक हजर आहे, माउस हजर आहे' असें अखंड सांगत राही. गैरहजर मित्राच्या नांवाला 'हजर' म्हणणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतोच. त्याचेंच हें यांत्रिक रूप! कोणत्या यंत्रावर कळफलकाचे कोणते दिवे लागलेले होते, हेंही पेटी लक्षांत ठेवी. १९९४ नंतर पडदेही आपली योग्यता यंत्राला स्वतः कळवूं लागले. तेव्हां पडद्याच्या वतीनें बोलण्याचें कामही हळूहळू पेटीकडे आलें.

या पेटीला आज सर्वत्र 'केव्हीएम' म्हणतात. कळफलक, चित्र आणि माउस यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचें हें नांव अलाबामांतील हंट्सव्हिल येथील सायबेक्स कंपनीचे संस्थापक रेमिजियस शाटास यांनीं १९९५ मध्यें रूढ केलें.

पुढें पेटीवांचूनही काम भागूं लागलें. २००१ मध्यें निघालेल्या 'सिनर्जी' या आज्ञावलीनें बाण एका पडद्याची कड ओलांडून शेजारच्या यंत्राच्या पडद्यावर जाऊं लागला. २०२२ मध्यें ॲपल कंपनीनें हीच सोय आपल्या यंत्रांत अंगभूत केली. मात्र येथें प्रत्येक यंत्राला स्वतःचा पडदा लागतो, आणि यंत्र पुरतें जागें झाल्याखेरीज आज्ञावली चालत नाहीं. २०२० च्या महामारींत पुण्यामुंबईच्या घरांतून कचेरीचें यंत्र आणि घरचें यंत्र एकाच मेजावर आलें, तेव्हां आणखी एक अडचण दिसली. कचेरीच्या यंत्रावर परकी आज्ञावली चढविण्यास बहुधा मनाई असते. तारांच्या पेटीला तशी परवानगी सहसा लागत नाहीं.

तथापि पेटीही सर्वस्वीं निर्दोष नाहीं. सैन्याच्या किंवा सरकारच्या कचेरींत एक यंत्र बाहेरच्या जगाशीं जोडलेलें आणि दुसरें गुप्त कागदपत्रांसाठीं मुद्दाम अलग ठेवलेलें असतें. या दोहोंमधील एकमेव दुवा म्हणजे ही पेटी. ज्या स्मरणशक्तीमुळें ती उपयोगी ठरली, तीच येथें संशयास पात्र झाली. कारण ज्याला आठवतें, त्याला सांगतांही येतें. २००० सालापासून अमेरिकेंत अशा पेट्यांसाठीं सुरक्षिततेचे नियम लिहिले गेले, आणि ते उत्तरोत्तर कडक होत गेले. कळफलकाकडून यंत्राकडे संदेश जावा, उलट कांहीं येऊं नये. खटका बदलतांच मागील अक्षर पेटींत उरूं नये. पेटी उघडल्याची खूण लपूं नये. घरगुती पेटींत एखादी कळ दोनदां दाबून यंत्र बदलण्याची सोय असते. या पेट्यांना तीही वर्ज्य आहे; तेथें माणसाला हात पुढें करून पेटीवरचें बटणच दाबावें लागतें.