कुकीची गोष्ट: आठवणीपासून पाळतीपर्यंत

आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात घरातल्या एका प्रसंगापासून करतो. मागच्या वर्षी वडिलांचे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्ही दोघा भावांनी आठवडाभर आईपासून लपवून ठेवलं होतं. नीट वेळ बघून, जवळ बसून सांगायचं असं ठरलं होतं. त्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत मी मोबाइलवर त्या आजाराबद्दल वाचत बसायचो. एका दुपारी आईने रेसिपी बघायला माझा फोन घेतला. पान उघडलं आणि मधोमध त्याच आजारावरच्या उपचाराची जाहिरात. खाली आणखी एक. आई शहाणी बाई, काही बोलली नाही. संध्याकाळी फक्त एवढंच विचारलं, "कधी सांगणार होतात रे मला?"

तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न होता. मी एका साइटवर वाचलेलं दुसऱ्या साइटला कसं कळलं? आणि हे कुणी, कधी ठरवलं? शोधत गेलो तर तीस वर्षांचा इतिहास निघाला. तो तुमच्यासमोर मांडतो.

आधी हेतू साधा होता

१९९४ साल. अमेरिकेत नेटस्केप नावाच्या कंपनीत लू मोंतुली नावाचा तरुण प्रोग्रामर काम करत होता. तेव्हाच्या वेबला आठवणच नव्हती. तुम्ही एक पान उघडलं, मग दुसरं उघडलं, तर समोरच्या कॉम्प्युटरला दोन्ही वेळा तुम्ही नवखेच. मग ऑनलाइन दुकान चालणार कसं? पिशवीत साबण टाकला आणि तांदळाकडे वळलात, की दुकानदार साबण विसरला!

मोंतुलीने उपाय काढला. साइटने तुमच्या ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी द्यायची. पुढच्या वेळी ब्राउझरने ती दाखवायची, म्हणजे ओळख पटली. या चिठ्ठीचं नाव कुकी. आपल्या किराणावाल्याकडे उधारीची वही असते ना, तसंच हे. त्याला तुमचं नाव, तुमचा चहा, तुमची बाकी माहीत असते. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, कारण वही त्याची आणि व्यवहारही त्याच्याशीच.

भानगड पुढे झाली. वेबच्या एका पानावर चित्र एका कंपनीचं, मजकूर दुसऱ्याचा, जाहिरात तिसऱ्याची असू शकते. मग त्या जाहिरातवाल्यानेही आपली चिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली. आता आठवडी बाजार डोळ्यासमोर आणा. प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात एकच माणूस वही घेऊन बसलाय. तुम्ही औषधाच्या दुकानात काय मागितलं, सोनाराकडे काय मोडलं, कर्जासाठी कुणाच्या पायऱ्या चढलात, सगळं एकाच वहीत. तुम्ही त्याच्याशी एक शब्द बोललेला नाही, त्याचं नावही तुम्हाला माहीत नाही. ही तिऱ्हाईताची कुकी, म्हणजेच थर्ड-पार्टी कुकी.

धोका तेव्हाच ओळखला होता

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'ने कुकीवर लेख छापला, तेव्हा सामान्य लोकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या कॉम्प्युटरवर असं काही ठेवलं जातं. १९९७ मध्ये इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने कुकीचा नियम प्रसिद्ध केला. लिहिणाऱ्यांमध्ये स्वतः मोंतुली होता. त्यात सांगितलं होतं की तिऱ्हाईताच्या कुकी ब्राउझरने आपणहून स्वीकारू नयेत.

मोठ्या ब्राउझर कंपन्यांनी तो नियम पाळला नाही. बस. इतिहासाचा काटा इथे फिरला. ज्या गोष्टीसाठी आपली परवानगी लागायला हवी होती, ती आपोआप चालू राहिली आणि बंद करायचं काम आपल्या गळ्यात पडलं.

डबलक्लिक नावाची जाहिरात कंपनी याच काळात मोठी झाली. १९९९ मध्ये तिने अबॅकस ही कंपनी स्वतःत विलीन करून घेतली. अबॅकसकडे लोकांची खरी नावं, पत्ते आणि खरेदीची नोंद होती. निनावी कुकीला खरं नाव जोडायचा बेत होता. ओरड झाली, सरकारी चौकशी लागली आणि २००० मध्ये कंपनीने माघार घेतली. पुढे २००८ मध्ये डबलक्लिक गूगलच्या ताब्यात गेली. खरेदीची किंमत ३१० कोटी डॉलर. परवानगीशिवाय डबलक्लिकची माहिती नावाशी जोडणार नाही, अशी ओळ गूगलच्या धोरणात होती. जून २०१६ मध्ये ती ओळ निघाली. सोळा वर्षांपूर्वी ज्यावर गदारोळ झाला, ते या वेळी बहुतेकांना कळलंसुद्धा नाही.

मग ब्राउझर खिशात आला

घरातला कॉम्प्युटर चौघांचा असायचा. मोबाइल एकाचाच. तो उशाशी असतो, दवाखान्यात येतो, देवळात येतो. त्यामुळे मोबाइलच्या ब्राउझरमधली नोंद म्हणजे जवळजवळ माणसाची रोजनिशीच.

आपल्याकडे ही गोष्ट ऑपेरा मिनी आणि यूसी ब्राउझरपासून सुरू होते. आठवतंय ना? टूजीचा जमाना, नोकियाचा फोन आणि एक एक केबी वाचवायची धडपड. हे ब्राउझर जलद का चालायचे? कारण पान थेट तुमच्याकडे येतच नव्हतं. ते आधी कंपनीच्या सर्व्हरवर जायचं, तिथे आकसायचं आणि मग फोनवर यायचं. डेटा वाचायचा हे खरं, पण आपण काय बघतो तेही कंपनीच्या हातून जायचं. २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने यूसी ब्राउझर तपासला. चिनी आवृत्तीतून फोनची ओळख आणि ठावठिकाणा सहज वाचता येईल अशा रीतीने बाहेर जात होता. इंग्रजी आवृत्तीतून सर्चचे शब्द उघडेच जात होते. आपल्याकडे तो बंद झाला २९ जून २०२० ला, ५९ अ‍ॅपवरच्या बंदीत. तोवर किती जणांनी त्यावर काय काय शोधलं असेल, विचार करा.

आयफोनच्या सफारीत तिऱ्हाईताच्या कुकी बंदच असायच्या. तिथेही पळवाट निघाली. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या जोनाथन मेयर या संशोधकाने दाखवलं की गूगल एक न दिसणारा फॉर्म भरल्यासारखं करून सफारीची ही अट चुकवत होतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २ कोटी २५ लाख डॉलरचा दंड लावला. गूगलने चूक कबूल न करता तो भरला.

विनंती करून बघितली

मधल्या काळात 'डू नॉट ट्रॅक' निघालं. ब्राउझरने प्रत्येक साइटला सांगायचं, "बाबा, माझा माग काढू नकोस." २०११ मध्ये फायरफॉक्सने ते आणलं, मग इतरांनीही. पण ते पाळायची सक्ती कुणावरच नव्हती. बहुतेक साइटनी ते कानाआड केलं आणि २०१९ च्या जानेवारीत त्यावर काम करणारा गट गुंडाळला गेला. दारावर 'विक्रेत्यांना प्रवेश नाही' अशी पाटी लावायची आणि दार उघडं ठेवायचं, त्यातला प्रकार.

२०१७ मध्ये सफारीने आणि २०१९ मध्ये फायरफॉक्सने माग काढणाऱ्यांना आपणहून अडवायला सुरुवात केली. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं की दोन वर्षांत तिऱ्हाईताच्या कुकी बंद करू. मग मुदत २०२३ झाली, मग २०२४, मग २०२५. जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. ज्या कंपनीचं पोट जाहिरातीवर चालतं, तिच्याच ब्राउझरने जाहिरातीची वही फाडावी ही अपेक्षा मुळात किती खरी होती, तुम्हीच ठरवा.

याच प्रवासातली एक गोष्ट मला फार लागली. २०२१ मध्ये गूगलने कुकीला पर्याय म्हणून 'फ्लॉक' आणलं. तुमच्या ब्राउझिंगवरून तुम्हाला एका कळपात टाकायचं आणि त्या कळपाला जाहिराती दाखवायच्या. चाचणी काही देशांतल्या थोड्या वापरकर्त्यांवर झाली. त्या देशांत भारत होता. युरोपियन युनियन नव्हती. कारण तिथे २०१८ पासून जीडीपीआर हा कडक कायदा लागू आहे. आपल्याकडे तेव्हा असा कायदाच नव्हता. कायदा असला आणि नसला तर काय फरक पडतो, याचं यापेक्षा सरळ उदाहरण मला सापडलं नाही.

"पण मी इन्कॉग्निटो वापरतो!"

हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. इन्कॉग्निटोमुळे तुमच्या फोनवर हिस्टरी राहत नाही. म्हणजे घरच्यांपासून लपतं. साइटपासून आणि जाहिरात कंपन्यांपासून लपतंच असं नाही. यावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला झाला. २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं किंवा त्यातली ओळख पुसायचं मान्य केलं.

आणि जून २०२५ मध्ये तर कहर झाला. युरोपातल्या संशोधकांनी दाखवलं की अँड्रॉइड फोनवर फेसबुक आणि इन्स्टाग्रामची अ‍ॅप्स ब्राउझरमधल्या पानांशी फोनच्या आतल्या आत बोलत होती. मेटाचा कोड असलेलं पान तुम्ही उघडलं, की त्याची कुकी अ‍ॅपपर्यंत पोचायची. अ‍ॅपमध्ये तर तुम्ही नावानिशी लॉगिन केलेलं. कुकी पुसा, इन्कॉग्निटो लावा, उपयोग नाही. बातमी बाहेर आली त्याच दिवशी मेटाने तो प्रकार थांबवला. रशियाची यांडेक्स २०१७ पासून असंच करत होती.

(हो, ही पोस्टसुद्धा तुम्ही अशाच एका कंपनीच्या कृपेने वाचताय. माहीत आहे मला.)

आता आपली बाजू

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदा झाला. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिने. सरकार आपल्या यंत्रणांना यातून सूट देऊ शकतं, ही मोठी फट आहे आणि त्यावर बोलत राहिलं पाहिजे.

तरी दोन कलमं आपल्या कामाची आहेत. एक, १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. दोन, संमती मागताना दिलेली सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. म्हणजे मराठीत. कोकणीतसुद्धा. "आय अ‍ॅक्सेप्ट" न वाचता दाबायची सवय आपल्याला लागली, त्यात ती सूचना आपल्या भाषेत नव्हती हेही एक कारण आहेच. ही सोय मिळाली नाही तर मागा. तक्रार करा. मागितलं नाही तर कुणी देणार नाही, हेच या तीस वर्षांनी शिकवलंय.

तोवर दोन कामं आजच करा. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये थर्ड-पार्टी कुकीज ब्लॉक करा. अँड्रॉइडच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये जाहिरातींच्या भागात जाऊन अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा. यातून सगळं थांबणार नाही. पण निदान कोपऱ्यातल्या त्या माणसाच्या वहीतली काही पानं कोरी राहतील.

आईला ती बातमी आम्ही सांगायची होती, आमच्या शब्दांत, आमच्या वेळेला. ती संधी एका जाहिरातीने हिरावून घेतली. खासगीपणा म्हणजे लपवाछपवी असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी माझं एवढंच उत्तर आहे.

तुमच्या घरात असं काही घडलंय का? कमेंटमध्ये लिहा. आणि घरातल्या मोठ्यांच्या फोनवरची सेटिंग आज तुम्हीच बदलून द्या.